वाढता कोंब आणि पाच दिवसांचा भ्रूण

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या रावेर व मुक्ताईनगर या जळगाव जिल्ह्यातील तालुक्यांत केळी हे प्रमुख नगदी पीक असून, केंद्र सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरच्या नावापुढे केळीचीच नोंद आहे. या संपूर्ण पट्ट्यात केळीची लागवड बियांपासून होत नाही, कारण बसराई, श्रीमंती किंवा ग्रँड नैन यांसारख्या खाण्याच्या वाणांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांची समान वाटणी होऊ शकत नाही आणि फळ धरले तरी त्यात उगवणारे बी धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी बागेतल्या जोमदार झाडांचे मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारे कोंब, काढून नवी बाग उभी केली. गेल्या तीन दशकांत मात्र मुनव्यांच्या जागी प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपे आली आणि ग्रँड नैन हे वाण या रोपांच्या रूपानेच शेतोशेती पोहोचले. एका मुनव्याच्या गाभ्यातील नखाएवढ्या भागातून शेकडो सारखी रोपे निघतात, ती ज्या पेशींच्या जोरावर, त्यांना मूलपेशी म्हणतात. स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करत राहणे आणि त्याच वेळी शरीराचे निरनिराळे भाग घडवणाऱ्या पेशींना जन्म देणे, ही दोन्ही कामे करू शकणारी पेशी ती मूलपेशी. केळीच्या कंदात अशा पेशी झाड जगेल तोवर असतात. माणसाच्या बाबतीत संपूर्ण शरीर घडवू शकणाऱ्या पेशी मात्र भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांपुरत्याच असतात. हा फरक कोठून येतो, त्या अल्पजीवी पेशी प्रयोगशाळेत कशा टिकवल्या गेल्या आणि त्यांच्याकडून कोणती अपेक्षा धरणे रास्त आहे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कंदाच्या गाभ्यातील वर्धनबिंदू

केळीचा जो उंच खांब डोळ्यांना दिसतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खोड नसून, पानांच्या तळाकडील आवरणे एकात एक घट्ट गुंडाळली जाऊन झालेली रचना आहे. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. या कंदाच्या माथ्यावर, खांबाच्या अगदी मध्यभागी, जमिनीच्या पातळीलगत एक अतिशय लहान, मऊ व फिकट घुमटासारखा भाग असतो; त्याला वर्धनबिंदू असे नाव असून तेथील पेशी सतत विभागत राहतात. घुमटाच्या कडेला सरकलेल्या पेशींपासून एकामागून एक पाने निघतात, आणि पुरेशी पाने आल्यावर तोच घुमट पाने देणे थांबवून फुलोरा घडवू लागतो. मग तो फुलोरा खांबाच्या पोकळीतून वर चढतो, माथ्यावर केळफूल बाहेर पडते आणि बाग निसवली असे शेतकरी म्हणतो. घड कापल्यावर तो खांब संपतो, पण कंदाच्या बाजूच्या डोळ्यांत असेच वर्धनबिंदू शिल्लक असल्याने त्यांतून मुनवे फुटतात व त्यांवर पुढचा पिलबाग धरता येतो.

वर्धनबिंदूतील पेशींचे मूलपेशीपण कशावर टिकते, याचा उलगडा मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवरील संशोधनातून २००० साली झाला. घुमटाच्या आत खोलवर असलेला पेशींचा एक छोटा गट वुशेल नावाच्या जनुकाद्वारे वरच्या पेशींना मूलपेशी राहण्याचा संदेश देतो, आणि त्या वरच्या पेशी क्लॅव्हाटा-३ या जनुकाच्या साहाय्याने उलट संदेश पाठवून वुशेलची क्रिया मर्यादेत ठेवतात. या दुहेरी नियंत्रणामुळे मूलपेशींची संख्या फार वाढत नाही आणि संपतही नाही. या घुमटातून एखादी पेशी विभाजनामुळे थोडी बाजूला ढकलली गेली की ती या संदेशाच्या टप्प्याबाहेर पडते व पानाच्या वाटेला लागते. पेशीचे भवितव्य तिच्या जागेवर आणि शेजारावर अवलंबून असते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते, आणि पुढे भ्रूणाच्या बाबतीतही त्याचाच प्रत्यय येतो.

केळीची रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत निवडलेल्या मुनव्याची बाहेरची आवरणे एकेक करून काढली जातात आणि वर्धनबिंदूसह एक-दोन सेंटिमीटरचा गाभा तेवढा ठेवला जातो. तो रसायनांनी निर्जंतुक करून साखर, क्षार, जीवनसत्त्वे व संप्रेरके असलेल्या, अगरने घट्ट केलेल्या माध्यमावर बरणीत ठेवतात. हे माध्यम बहुतेक ठिकाणी मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली सिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे बनवलेले असते. माध्यमात सायटोकायनिन या वर्गातील संप्रेरक जास्त ठेवले की बाजूच्या सुप्त डोळ्यांतून अनेक कोंब फुटतात, ते वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमावर लावले की त्यांनाही कोंब येतात, आणि पुरेशी संख्या झाल्यावर ऑक्सिन या दुसऱ्या वर्गातील संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांना मुळे आणली जातात. त्यानंतर ही नाजूक रोपे आधी हरितगृहात व मग शेडनेटखाली पिशव्यांत वाढवून उघड्या हवेला सरावली जातात आणि मृगबाग किंवा कांदेबागेच्या हंगामाला शेतकऱ्याकडे पोहोचतात. दीड बाय दीड मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी ४,४४४ रोपे लागतात. एवढी सगळी रोपे एका वयाची व एका गुणाची असल्याने बाग एकाच सुमारास निसवते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

वनस्पतीच्या पेशीचे सामर्थ्य

कोंबाच्या संवर्धनात मुळातच विभागत असलेल्या पेशी वापरल्या जातात. वाढ पूर्ण होऊन एखाद्या कामाला लागलेली पेशी पुन्हा मागे वळून संपूर्ण वनस्पती घडवू शकेल काय, हा याहून अवघड प्रश्न होय. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गोटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली हा विचार स्पष्टपणे मांडला. त्यांनी पानातील सुट्या पेशी काही आठवडे जिवंत ठेवल्या, मात्र त्यांचे विभाजन घडवून आणणे त्यांना जमले नाही, कारण त्या काळी वनस्पतींची संप्रेरके माहीत नव्हती. १९५७ साली स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवून दिले की, ऑक्सिन व सायटोकायनिन यांचे प्रमाण बदलले की त्याच ऊतीतून मुळे किंवा कोंब हवे ते मिळवता येते, आणि १९५८ साली स्टीवर्ड यांच्या प्रयोगशाळेत गाजराच्या मुळातील पेशींपासून नवी रोपे वाढली. या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा भारतात गाठला गेला: दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा व सतीश महेश्वरी यांनी १९६४ साली धोत्र्याचे परागकोश माध्यमावर वाढवले असता परागकणांपासून भ्रूण तयार झाल्याचे त्यांना आढळले. फलन न होता, केवळ एका परागकणातून भ्रूण उभा राहिल्याने वनस्पतीच्या पेशीत संपूर्ण देह घडवण्याची क्षमता किती खोलवर असते याची खात्री जगाला पटली. अशा क्षमतेला सर्वक्षमता म्हणतात.

मानवी भ्रूणाचे पहिले चौदा दिवस

माणसाच्या जीवनात पूर्णपणे सर्वक्षम पेशी म्हणजे फलित अंडपेशी. तिचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो आणि तिच्याभोवती एक पारदर्शक कवच असते. गर्भाशयाकडे जाणाऱ्या नलिकेतून पुढे सरकत असताना तिचे दोन, चार, आठ असे विभाग होत जातात. या काळात भ्रूणाचा एकूण आकार वाढत नाही, पेशी मात्र दर विभाजनाला लहान होत जातात. सुरुवातीची सर्व कामे अंडपेशीत आईने साठवून ठेवलेल्या रेणूंवर चालतात, आणि भ्रूणाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर काम करू लागतात ती चार ते आठ पेशींच्या अवस्थेत, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी.

या अवस्थेतील पेशी किती स्वतंत्र असतात, याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. हान्स ड्रीश यांनी १८९१ साली समुद्री साळूच्या दोन पेशींच्या भ्रूणातील पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून आकाराने लहान पण संपूर्ण अळी तयार झाली. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत पोलंडचे आंजेय तारकोव्स्की यांनी १९५९ साली उंदराच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी नष्ट करूनही उरलेल्या पेशीपासून पिल्लू जन्माला येऊ शकते हे दाखवले, आणि दोन वर्षांनी त्यांनी दोन भ्रूण एकत्र जोडून त्यांतून एकच उंदीर घडवला. एकाचे दोन होऊ शकतात आणि दोनाचा एकही होऊ शकतो, याचा अर्थ कोणत्या पेशीने शरीराचा कोणता भाग व्हावयाचे, ते या अवस्थेत ठरलेले नसते.

ते ठरते चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि पुन्हा जागेवरूनच ठरते. आठ पेशींनंतर पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि सोळा पेशींच्या सुमारास काही पेशी पूर्णपणे आत झाकल्या जातात, तर उरलेल्यांची एक बाजू बाहेर उघडी राहते. तारकोव्स्की व व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार हा आतबाहेरचा फरक हाच भ्रूणातील पहिल्या वाटणीचा पाया आहे. बाहेरच्या पेशींचा पोषकस्तर बनतो व पुढे त्यापासून वार तयार होते. आतल्या पेशी एका बाजूला गोळा होऊन अंतर्पेशीपुंज बनतो, आणि दोहोंच्या मध्ये द्रव साठून पोकळी तयार होते. शे-दोनशे पेशींच्या या पोकळ गोळ्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्यातील अंतर्पेशीपुंज शरीराचा प्रत्येक अवयव घडवू शकतो, मात्र स्वतःहून वार घडवून गर्भाशयात रुजणे त्याला शक्य नसते, म्हणून त्याला सर्वक्षम न म्हणता बहुक्षम म्हणतात. सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण कवचातून बाहेर पडून गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो, आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या चकतीवर एक रेष उमटते. या आद्यरेषेतून पेशी आत शिरून तीन स्तर तयार होतात: बाहेरच्या स्तरातून त्वचा व मज्जासंस्था, मधल्या स्तरातून स्नायू, हाडे, रक्त व हृदय, आणि आतल्या स्तरातून आतडी, यकृत व फुप्फुसांचे अस्तर. एका भ्रूणाचे दोन होऊन एकसारखी जुळी होण्याची शक्यता याच सुमारास संपते.

वनस्पती आणि प्राणी यांच्यातील फरक येथे नेमका दिसतो. केळीचे झाड आयुष्यभर नवी पाने घडवत राहते, त्यामुळे त्याला देह घडवणारा कारखाना शेवटपर्यंत चालू ठेवावा लागतो. सस्तन प्राण्याचा आराखडा गर्भावस्थेत एकदाच आखला जातो, आणि त्यानंतर रक्त, त्वचा किंवा आतड्याचे अस्तर यांची झीज भरून काढण्यापुरत्या, आपापल्या क्षेत्रात बांधलेल्या मूलपेशीच शरीरात उरतात.

थांबवून ठेवलेली अवस्था

भ्रूणात बहुक्षम पेशी काही दिवसच टिकतात, कारण त्यांचे शेजारी बदलतात आणि त्यांना मिळणारे संदेशही बदलतात. हे संदेश रोखून त्यांना त्याच अवस्थेत ठेवता आले तर त्या अमर्याद काळ विभागत राहतील, या कल्पनेतून भ्रूणीय मूलपेशींचा जन्म झाला. १९८१ साली केंब्रिजमध्ये मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या ब्लास्टोसिस्टमधील पेशी बशीत वाढवून दाखवल्या. माणसाच्या अशा पेशी मिळवायला आणखी सतरा वर्षे लागली. १९९८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने दाम्पत्यांनी संमतीने दान केलेल्या भ्रूणांपासून ५ पेशीवंश तयार केले. एका भ्रूणातून निघालेली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली पेशींची परंपरा म्हणजे पेशीवंश.

या संशोधनाला लागणारे भ्रूण कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांतून उरलेले असतात, आणि त्या बाबतीत मुंबईचा इतिहास महत्त्वाचा आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातील पहिले परीक्षानलिका बालक जन्मले, मात्र त्यांच्या कार्याला त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही. त्यानंतर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त कामातून शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले बालक जन्माला आले; पुढे १९९७ साली आनंद कुमार यांनीच जुन्या नोंदी तपासून पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे जाहीर केले. परळच्या याच संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने, डॉ. हिंदुजा यांच्या सहभागाने, किंड-१ व किंड-२ असे दोन मानवी भ्रूणीय पेशीवंश सिद्ध केले व त्यांची माहिती २००९ साली प्रसिद्ध केली. या पेशींना आधार देण्यासाठी लागणारा पेशींचा थर सामान्यतः उंदराच्या पेशींचा असे; परळच्या संशोधकांनी त्याऐवजी संस्थेतच तयार केलेल्या मानवी पेशी वापरल्या, त्यामुळे परक्या प्राण्याच्या घटकांचा संसर्ग टळला. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातही डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटाने असे पेशीवंश मिळवले.

बरणीतला आणि बशीतला धोका

केळीच्या प्रयोगशाळेतील आणि मूलपेशींच्या प्रयोगशाळेतील काम निराळे असले तरी दोन्हीकडची मोठी अडचण एकच आहे. कोंब फार वेळा नव्या माध्यमावर लावले गेले तर त्यांच्या जनुकीय द्रव्यात बदल साठत जातात आणि शेतात खुजी किंवा विकृत पानांची झाडे निघतात, म्हणून जबाबदार प्रयोगशाळा साधारण सात-आठ फेऱ्यांनंतर संवर्धन बंद करून नवे मुनवे घेतात. मूळ मुनव्यात विषाणू असेल तर तोही शेकडो रोपांत उतरतो. या पट्ट्यातील शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो काकडी मोझॅक विषाणूचा रोग माव्यामुळे पसरतो खरा, पण मातृझाडाची विषाणूचाचणी झालेली नसेल तर तो रोपाबरोबरच शेतात येऊ शकतो. मानवी भ्रूणीय मूलपेशी दीर्घकाळ वाढवल्या की त्यांतही गुणसूत्र १२, १७ व २० यांचे जादा भाग वारंवार आढळतात, कारण असा बदल झालेल्या पेशी बशीत इतरांपेक्षा जोमाने वाढतात व हळूहळू सगळी जागा व्यापतात. केळीचे बिघडलेले रोप उपटून टाकता येते. रुग्णाच्या मेंदूत वा डोळ्यात सोडलेली बिघडलेली पेशी परत काढून घेता येत नाही.

दुसरा धोका मूलपेशीच्या गुणातूनच उद्भवतो. भ्रूणीय मूलपेशी उंदराच्या शरीरात तशाच टोचल्या तर त्यांपासून टेराटोमा नावाची गाठ होते आणि तिच्यात केस, दात, कूर्चा, स्नायू असे सर्व काही अस्ताव्यस्त सापडते. पेशी बहुक्षम आहे की नाही हे ओळखण्याची ही नेहमीची चाचणी आहे, आणि अशी पेशी रुग्णाला जशीच्या तशी कधीही देता येत नाही याचा पुरावाही तोच. तिला बशीतच योग्य त्या संदेशांच्या क्रमाने हवी ती पेशी बनवावे लागते आणि न बदललेली एकही पेशी मागे राहिलेली नाही याची खात्री करावी लागते.

परतीची वाट

वाढ झालेली प्राणिपेशी मागे वळूच शकत नाही, ही समजूत जॉन गर्डन यांनी १९६२ साली मोडली. बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंडपेशीत घालून त्यांनी त्यापासून संपूर्ण बेडूक वाढवले. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली केवळ ४ जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशी भ्रूणीय मूलपेशींसारख्या करून दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींतही साधले. २०१२ साली गर्डन व यामानाका यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रूण न वापरता बहुक्षम पेशी मिळू लागल्याने नैतिक अडचण बरीच कमी झाली, तरी या पेशी खऱ्याखुऱ्या बहुक्षम आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी तुलनेचा मापदंड म्हणून भ्रूणीय मूलपेशींची गरज आजही संपलेली नाही.

नियम आणि अपेक्षा

मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, ही मर्यादा ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात सुचवली आणि ती आद्यरेषेच्या आगमनाशी जोडलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे २०१३ व २०१७ साली सुधारली गेली. त्यांतही ही मर्यादा असून माणसाचा कृत्रिम जुळा जन्माला घालण्याच्या प्रयत्नाला मनाई आहे. उपचारांच्या बाबतीत ही तत्त्वे अधिक काटेकोर आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला सामान्यतः अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतात, तेवढाच मूलपेशींचा मान्य उपचार होय, आणि बाकी सर्व वापर नियामकांच्या परवानगीने चाललेल्या चिकित्सा-चाचणीतच व्हायला हवा.

या चाचण्यांतून आशा वाटावी असे निष्कर्ष येऊ लागले आहेत. भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या दृष्टिपटलाच्या पेशी, पार्किन्सन आजारात कमी पडणाऱ्या चेतापेशी आणि इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी रुग्णांना देऊन पाहिल्या गेल्या असून, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या तीव्र मधुमेहाच्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागले नाही. परंतु या पेशींना शरीराने नाकारू नये म्हणून त्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि १९८१ च्या शोधापासून येथवर येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला आहे. हा काळ संशोधकांच्या संथपणामुळे गेलेला नाही. पेशीला योग्य जागा, योग्य शेजार आणि योग्य संदेश मिळाल्याखेरीज ती योग्य काम करत नाही, हे शिकण्यात तो गेला आहे.

म्हणून मतिमंदत्व, स्वमग्नता, पक्षाघात, गुडघेदुखी, मधुमेह अशा सर्व आजारांवर एकच ‘स्टेम सेल’ इंजेक्शन विकणाऱ्या जाहिरातीकडे वाचकाने सावधपणे पाहावे. केळीची रोपे घेताना बुऱ्हाणपूर-रावेरचा जाणता शेतकरी मातृझाड कोणते होते, विषाणूचाचणी झाली काय आणि रोपवाटिकेला प्रमाणपत्र आहे काय, हे विचारल्याशिवाय पैसे मोजत नाही. मूलपेशींचा उपचार देऊ करणाऱ्यालाही पेशी कोठून आणल्या, त्यांचे रूपांतर कशात केले, चाचणीची अधिकृत नोंद कोठे आहे आणि चाचणीतील रुग्णाकडून पैसे का मागितले जात आहेत, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर तो उपचार घेऊ नये.